शुक्रवारची पाळी

आपल्या राज्यात सरकारला कायदा हवा असला की तो आरडाओरड्यात, कुणी न वाचता, चहा गार व्हायच्या आत होतो. साध्या आमदाराने विधेयक आणलं तर मात्र त्याच्या वाट्याला शुक्रवारची दुपार. म्हणजे अर्धं सभागृह बॅगा भरून गावाकडे निघालेलं असतं तेव्हा. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास! सुधारणा करायची तर इथून करा, असं मी किती वर्षं बोंबलतोय. ऐकतो कोण?

नव्वद सालानंतरची गोष्ट. पनवेलमध्ये मी नवशिका वकील होतो. शेजारी एक नाखवा राहायचा, म्हणजे होडीचा मालक. त्याचं सगळं पोट खाडीच्या तोंडावर, आणि नेमकं तेच तोंड भरणी टाकून बुजवायचं घाटत होतं. गावाला विचारल्याशिवाय खाडी बुजवू नये, असं विधेयक मी लिहून दिलं. आमच्या आमदारांनी ते सभागृहात मांडलं. नुसतं मांडलं, तर कोळीवाड्यात पेढे वाटले! अजून चर्चा व्हायची आहे, मत पडायचं आहे, असं सांगायला गेलो तर मीच अपशकुनी ठरलो.

त्यातच नाखव्याच्या मुलीचं लग्न निघालं. आमच्याकडे पुढारी लग्नाला नाही आला तर एक वेळ खपतं, पण हळदीला आला नाही तर तो निवडणुकीत पडलाच म्हणून समजा. नाखवा स्वतः आमंत्रण द्यायला गेला. "सायेब, तुमी आल्याबिगर हळद लागनार नाय."

साहेब आले की! बेंजो ऐन रंगात असताना आले, नारळ घेतला, फोटो काढले. विधेयकाचं काय झालं, असं मी हळूच विचारलं.

"अहो, आजच पाळी होती," ते पान चघळत म्हणाले. "नाव पुकारलं असेल, मी नव्हतो, गेलं. शुक्रवारी बसतं कोण तिथं? पुढच्या अधिवेशनात पुन्हा टाकू."

माझं टाळकंच सटकलं. पण मांडवात तमाशा नको म्हणून गप्प बसलो.

पुढचं अधिवेशन उजाडेपर्यंत डंपर येऊन गेले होते. नाखव्याची होडी अंगणात उपडी पडली. तेव्हा मी चिडून त्याला सगळं सांगितलं.

"मंग मला आदी कुनी सांगलं का नाय?" तो म्हणाला. "मी पोरीची हळद शनवारी ठेवली आसती."