झिऱ्याचे पाणी आणि काळा चहा

माझ्या सासरच्या गावी उन्हाळ्यात विहीर आटली की बाया नदीत उतरायच्या. गाव कर्जतजवळ, कोंडाण्याच्या लेण्यांच्या खालच्या अंगाला, उल्हास नदीच्या काठी. पावसाळ्यात ही नदी कोणाला जुमानायची नाही आणि चैत्र लागला की वाळूखाली जाऊन बसायची. वर नुसती तापलेली वाळू. ती हातभर उकरली की खालून पाणी पाझरत यायचे. त्या खड्ड्याला आम्ही झिरा म्हणायचो. प्रत्येक घराचा झिरा वेगळा, आणि ज्याला त्याला आपल्याच झिऱ्याचे पाणी गोड लागायचे.

माझ्या सासूबाईंचा झिरा म्हणजे तर विचारू नका. नदी जिथे वळते तिथे, काठावरच्या जांभळीच्या सावलीत, त्या वर्षानुवर्षे एकाच जागी खणायच्या. कड ढासळू नये म्हणून इतर बाया आतून दगड रचत. सासूबाई मात्र जांभळीच्या डहाळ्या आणि पाला दाबून दाबून भरायच्या. त्याने पाणी गार राहते, असे त्यांचे म्हणणे. पाणी गार असायचे हे खरे, पण ते झिरा सावलीत होता म्हणून. हे तोंडावर बोलायची माझी काय प्राज्ञा! मी घरात नवी होते आणि माझी जीभ आधीच तिखट म्हणून गाजली होती.

घाटातल्या गाड्या कोळसा सोडून विजेवर धावू लागल्या, त्या सुमाराच्या एका उन्हाळ्यात आमच्या झिऱ्याचे काहीतरी बिनसले. सकाळी हंडा भरावा तर पाणी अगदी नितळ. दुपारी बघावे तर पिवळट, आणि दिवेलागणीपर्यंत हंड्याच्या तळाशी तांबडा गाळ. झिऱ्यात पाण्यावर तेलकट तवंग यायचा आणि कडेला गेरू कालवल्यासारखा बुळबुळीत चिखल बसायचा. नवऱ्याच्या धोतरावर पिवळे डाग पडले. त्याचा दोष अर्थात माझ्याकडे आला.

"धुनं धुतेस का हळद लावतेस गं?" सासूबाई म्हणाल्या.

पाणी तांबडे का होते याची कारणे घरात ज्याच्या त्याच्याकडे तयार होती. सासऱ्यांच्या मते रेल्वेच्या पुलाचा गंज पाण्यात उतरत होता. सासूबाईंच्या मते माथेरानच्या डोंगराची तांबडी माती धुऊन येत होती. शेजारीण म्हणाली, नजर लागली. आता पूल होता तो आमच्या खालच्या अंगाला, आणि पाणी काही उलटे चढत नाही. डोंगराची माती धुऊन यायला पाऊस तरी कुठे पडला होता? पण सुनेचे ऐकतो कोण. पाणी गाळून प्यावे आणि गप्प बसावे, एवढेच माझ्या हातात होते.

अशात माझ्या नणंदेला बघायला पाहुणे आले. नणंद माझ्याहून थोडी लहान, शांत, कामाला चटपटीत. त्या काळच्या हिशोबाने तिचे लग्न लांबत चालले होते आणि सासूबाईंना त्याचा घोर लागला होता. स्थळ कुंभिवलीचे, खालापूरकडचे. माझे माहेर त्याच्या शेजारच्याच गावात, म्हणून घर माझ्या माहितीतले होते. मुलगा कष्टाळू, भातशेती चांगली. आई लहानपणीच गेलेली, चुलतीने वाढवलेला. तेव्हा त्या घरात चुलती म्हणेल ती पूर्व दिशा. मुलाचा बाप आणि ही चुलती, दोघे बैलगाडीने आले.

आमच्या घरी तेव्हा चहा रोज होत नसे. कर्जत स्टेशनाजवळच्या दुकानातून पुडी आणायची आणि पाहुणे आले की करायचा. मुलगी बघायला आलेत म्हणून चहा मुलीनेच करायचा, असे ठरले. नणंदेने सकाळच्याच नितळ पाण्याचे आधण ठेवले, गूळ टाकला, चहाची पूड टाकली. मी शेजारी भाकरी थापत होते. बघता बघता पातेल्यात काळे आले. साधे काळे नव्हे, शाईसारखे निळसर काळे. घाबरून तिने दूध घातले, तर सगळे राखेच्या रंगाचे झाले. दुसरे आधण ठेवायला वेळ नव्हता, बाहेरून हाका सुरू झाल्या होत्या. तशाच कपबशा घेऊन ती बाहेर गेली.

चुलतीने कप नाकाशी नेला, आत बघितले आणि खाली ठेवला. मुलीच्या तोंडाकडे नाही, हातांकडे बघितले. मग पदर सावरून म्हणाली, "पोरगी बरी हाय. आमी कळवू."

कळवले ते लवकरच. कुंभिवलीहून येणाऱ्या एका गाडीवानाकडून निरोप आला. मुलीच्या हाताला दोष आहे, तिने शिवलेले अन्न काळे पडते, अशी पोरगी आमच्या घरात नको. गाडीवानाने तो निरोप आमच्या अंगणात येईपर्यंत वाटेतल्या किती अंगणांत सांगितला असेल, देव जाणे. सासूबाईंनी त्या दिवशी चूल पेटवली नाही. रागाच्या भरात त्या लेकीलाच म्हणाल्या, "हाताला काय लावलं व्हतंस गं भवाने?" त्या दिवसापासून नणंदेने पिठाला हात लावणे सोडले. भाकरी मी थापायची, ती लांब बसून लाकडे सारायची. वाढायची वेळ आली की काहीतरी निमित्त काढून गोठ्यात जायची. मला ते बघवत नव्हते. माझ्या डोक्यात तिडीक गेली. एक स्थळ गेले तर गेले, पण ही गोष्ट गावोगाव पसरली तर तिला कोण करून घेणार होते? आणि न का करेनात, आपल्या हातात विष आहे असे मानून पोरीने जन्म काढायचा की काय?

माझा पहिला संशय चहाच्या पुडीवर होता. म्हणून मी शेजारणीच्या झिऱ्यातून कळशी भरून आणली. तिचा झिरा आमच्यापासून हाकेच्या अंतरावर, उघड्या वाळूत, दगड लावलेला. त्या पाण्यात तीच पूड टाकली. चहा छान तांबूस झाला. मग आमच्या झिऱ्याचे पाणी घेतले, स्वतःच्या हाताने केला. काळा! मी इतकी खूश झाले की तो काळा चहा तसाच पिऊन टाकला. चव लोखंड चाटल्यासारखी होती.

आणि त्या चवीने मला आजोबा आठवले. माझ्या माहेरी आजोबा शाई घरी करत. रानातला हिरडा कुटून लोखंडी कढईत भिजत घालायचे, वर गंजके खिळे टाकायचे. तुरट रसाला लोखंड लागले की काळी शाई तयार. चहाही तुरटच की. म्हणजे आमच्या पाण्यात लोखंड होते. पण लोखंड आले कुठून?

दुसऱ्या दिवशी नणंदेला ओढतच नदीवर नेले आणि आम्ही दोघींनी झिरा उपसून खणायला सुरुवात केली. वरची वाळू नेहमीसारखी तांबूस. थोडे खाली गेलो तर सासूबाईंचा यंदाचा पाला, कुजून काळा झालेला. त्याखाली गेल्या सालचा, त्याखाली आधीचा. शिवाय मागच्या पावसाळ्यात मोठा पूर आला होता, त्याने वळणावर आणून टाकलेला रानातला पाचोळा वाळूखाली दडपला गेला होता. कुजक्या अंड्यासारखा वास सुटला. आणि त्या पाल्याच्या आसपासची वाळू तांबूस नव्हतीच, करडी होती. दोन्ही वाळू मी दोन हातांत घेतल्या. एकीच्या अंगावर जणू गंज होता, दुसरीचा कोणी घासून काढला होता. तो गंज गेला कुठे, याचे उत्तर आमच्या हंड्याच्या तळाशी होते.

का ते तेव्हा मला सांगता आले नसते. पुढे माझा मुलगा रसायन शिकून आला तेव्हा त्याने उलगडून सांगितले. वाळूच्या कणांवर लोखंडाच्या गंजाचे पातळ साल असते. आमच्या डोंगरांच्या काळ्या दगडात लोखंड भरपूर, त्याच दगडाची ही वाळू. पाला कुजताना पाण्यातली हवा खाऊन टाकतो. हवा संपली की ते साल सुटते आणि डोळ्यांना न दिसता पाण्यात विरघळते, आणि सालाला चिकटून बसलेली मॅंगनीजसारखी आणखी काही द्रव्येही त्याच्याबरोबर सुटतात. पाणी वर आले, त्याला हवा लागली, की लोखंडाचा पुन्हा गंज होतो आणि तळाशी बसतो. पूल नाही, डोंगराची माती नाही, नजर नाही. बाहेरून कोणी काही आणून टाकलेच नव्हते. जे होते ते वाळूतच होते, पाल्याने फक्त ते सोडवले. एवढे सांगून झाल्यावर तो म्हणाला, "आई, तू तेव्हाच खणून बघितलं होतंस?" मी म्हटले, "अरे, मी रागावले होते."

आता सासूबाईंना कसे सांगायचे? तुमच्या पाल्याने घात केला असे म्हटले असते तर मीच माहेरी रवाना झाले असते. मी एवढेच म्हटले, "आत्याबाई, जांभळीवर मुंगळे लय झालेत. झिरा जरा उघड्यावर काढू या का?" झिऱ्याबाहेर आम्ही काढून टाकलेला काळा पाला त्यांनी बघितला असणारच. "काढा," म्हणाल्या. नव्या झिऱ्यात त्यांनी स्वतः दगड रचले आणि पाल्याचे नाव पुन्हा कधी काढले नाही.

पण कुंभिवलीच्या तोंडाला कोण हात लावणार? जुना झिरा बुजवायच्या आधी मी त्याचे पाणी एका कळशीत काठोकाठ भरले, उघडे राहून पिवळे पडू नये म्हणून तोंडाला केळीचे पान घट्ट बांधले, नणंदेच्या कानात बेत सांगितला आणि माहेरची आठवण येते म्हणून नवऱ्याच्या मागे लागले. नवरा माझ्या कळशीकडे बघून हसला, पण त्याने गाडी जुंपली. बहिणीसाठी त्याचाही जीव तुटत होता, बोलायचा नाही एवढेच. माहेरी टेकले न टेकले तोच मी कळशी कमरेवर घेऊन कुंभिवलीला चुलतीच्या दारात उभी राहिले.

मला बघून ती जरा चपापली. तरी रीतीप्रमाणे बसायला दिले आणि म्हणाली, "च्या घेनार का?"

"घेते ना काकी," मी म्हटले. "पन पानी माझं. आनि करायचा तुमी."

"का गं? आमच्या पान्यात काय किडं हायत?"

"किडं नाय. पन कराच तुमी. मी हातसुदिक लावनार नाय."

तिला वाटले असेल, पोरीचे डोके फिरले. पण बाई धीट होती. ती चुलीपाशी बसली, माझ्या कळशीतले पाणी ओतून घेतले, गूळ टाकला, पूड टाकली. मी उंबऱ्यावर बसून बघत होते. वाटेत पाणी पिवळे पडले असेल, हा डाव फसला तर नणंदेचे नाव आणखीच खराब होईल, असे सगळे मनात येत होते. पातेल्यात हळूहळू काळे चढले. तसेच निळसर, तसेच शाईसारखे.

चुलती पातेल्याकडे बघत राहिली. मग तिने आपले दोन्ही हात उलटेपालटे करून बघितले. मला हसू आले, ते मी पदरात दाबले. मग तिला सगळे सांगितले. झिरा, पाला, वाळू, हिरड्याची शाई. शाईचे ऐकताच तिने मान हलवली. तिच्याही सासरी जुन्या माणसांनी तशी शाई केली होती.

"म्हंजी पान्याचाच गुन," ती पुटपुटली. मग एकदम तावातावाने माझ्यावरच उखडली, "तवाच का नाय सांगितलंत गं? पोरीला फुकट बोल लावला मी!" आणि आतून नारळ आणून माझ्या ओटीत घातला. "आमी येतो सुपारी फोडायला. आनि ह्ये काळं झाल्याचं कुनाला सांगू नको हां."

मी सांगितले नाही. चुलती आता या जगात नाही, म्हणून आज सांगते आहे.

परतीच्या वाटेवर मला इतके हलके वाटत होते की मी नवऱ्याला गाणे म्हणून दाखवले. आयुष्यात तेवढेच एकदा. घरी पोचलो तेव्हा ऊन उतरले होते आणि नणंद अंगणात शेणी रचत होती. मी गाडीतून उडी मारली आणि दारातूनच ओरडले, "जमलं! लगीन जमलं गं!" सासूबाई आतून धावत आल्या आणि नवऱ्याला विचारू लागल्या, कधी, कसे, काय म्हणाले. नणंदेने त्यातले काही विचारले नाही. मुलाबद्दल नाही, लग्नाबद्दलही नाही. ती माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली,

"वयनी, काकीच्या हातनं बी काळा झाला?"

"झाला. माझ्या डोळ्यांनी बघितला."

ती घरात गेली आणि परातीत पीठ काढून मळायला बसली. मळता मळता रडत होती. त्या संध्याकाळी घरातल्या सगळ्यांच्या भाकऱ्या तिने एकटीने थापल्या आणि मला चुलीजवळ येऊ दिले नाही.