हर्षलाची वीस वांगी

हर्षला माझी थोरली मुलगी. वय चोवीस, बी.कॉम. झालेली. कुंभिवलीला एका कंपनीच्या ऑफिसात दोन वर्षं होती. मार्चमध्ये कंपनीने माणसं कमी केली, त्यात तिचंही नाव आलं. तेव्हापासून ती घराबाहेर पडेनाशी झाली. कुणाच्या हळदीला नाही, चौक गावच्या बाजारालाही नाही. "मला काहीच जमत नाही," एवढंच म्हणायची. तिचं दार लोटलेलं दिसलं की मी काहीतरी निमित्त काढून त्यावरून चार फेऱ्या मारायचे.

भातकापणी आटोपल्यावर एक दिवस तीच म्हणाली, "आई, परसात वांगी लावू?"

लोधिवलीत आमच्या पिढ्या भातशेती करत आल्या, पण भाजी कायम विकतची. तरी मी हो म्हटलं. त्या घटकेला ती ऊस लावते म्हणाली असती तरी हो म्हटलं असतं.

तिने मोबाइलवर बघून वाफा खणला, शेणखत मिसळलं. शेजारच्या गौराकाकी भाजी पिकवून चौकला विकतात, त्यांच्याकडून वीस रोपं मागवून लावली. रोज सकाळी झारीने पाणी घालायची. मला वाटायचं, एवढंसं पाणी काय पुरणार? ती जेवायला बसली असताना मी वाफ्याभोवती चिखलाचा वीतभर बांध घातला, भाताच्या खाचराला घालतो तसा. हर्षला हसली, पण तिने तो राहू दिला. मग रोज दुपारी ती आडवी झाली की मी दोन बादल्या ओतून यायचे. वाफ्यात पाणी साचलेलं दिसलं की जिवाला बरं वाटायचं.

आठवड्यात पानं पिवळी पडू लागली. पंधराव्या दिवशी सात रोपं माना टाकून आडवी झाली. हर्षलाने झारी भिंतीशी ठेवली आणि खोलीत गेली. त्या दिवशी ती जेवली नाही. मी धावत जाऊन गौराकाकींना घेऊन आले.

काकींनी एक रोप उपटून मूळ नाकाशी धरलं. "कुजलंय. ए हर्षला, बाहेर ये गं! भात लावलायस काय?"

ती दारात येऊन उभी राहिली.

"हा बांध कुणाचा? आन पानी किती घालतेस?"

"एकच झारी. सकाळी." तिचा आवाज खोल गेला होता. "काकी, राहू दे. मला नाहीच जमत."

गप्प बसले असते तर बादल्यांचं कुणाला कळलं नसतं. पण ती परत आत वळली तसं माझ्या तोंडून निघालं, "बांध माझा. दुपारी दोन बादल्या मी घालते. रोज."

"रोज?" हर्षला वळली.

"सुकतील म्हणून..."

"सूनबाई, वांग्याला म्हशीसारखं डुंबायला घातलंस की गं!" काकी कमरेवर हात ठेवून हसल्या.

हर्षला हसली नाही. रागाने तिचे कान लाल झाले होते. "आई, मी आठ दिवस रडतेय. मला वाटलं माझ्याच हातात काहीतरी खोट आहे."

तिने कुदळ उचलली आणि दोन घावांत बांध फोडला. साचलेलं पाणी माझ्या पायांवरून केळीकडे गेलं. काकींनी मातीचा उंच वरंबा कसा ओढायचा ते दाखवलं. उरलेली तेरा रोपं तिने वरंब्यावर हलवली. "वरची माती बोटाला सुकी लागली तरच पानी. तवर नाय," काकींनी बजावलं.

"आणि ते बोट माझं," हर्षला माझ्याकडे बघत म्हणाली. "तू इकडे यायचं नाही."

मेलेल्या सात रोपांच्या जागी नवी हवी होती. काकींकडची संपली होती, पण बाजारात मिळतील म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी हर्षलाने चपला घातल्या. "काकींबरोबर चौकला जाते," एवढं सांगून रस्त्याला लागली. आठ महिन्यांत पहिल्यांदा. काय खाल्लंस, रिक्षाने जा, फोन घेतलास का, असं बरंच ओठांवर आलं होतं. मी ओट्यावर बसून राहिले आणि तिला जाऊ दिलं.