खांद्याची गादी

आमच्या घरात बंदूक आली ती पुरती पारखून आली. पुढं माझ्यासाठी स्थळं बघताना जेवढी चौकशी झाली नाही, तेवढी तिची झाली.

वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो. पोलिस ॲक्शनच्या आधीच्या धामधुमीत ते आठ-नऊ वर्षांचे होते. तेव्हा आजोबांनी घरातल्या सगळ्यांना तीन दिवस उभ्या ज्वारीत लपवून ठेवलं होतं. मग निजामाचं राज्य गेलं, माणसं आपापल्या घरी परतली, पण अण्णा काही त्या ज्वारीतून पुरते बाहेर आले नाहीत. "तवा घरात एक बंदूक असती तर," एवढं वाक्य ते जेवतानासुद्धा म्हणायचे आणि ते कधी पुरं करायचे नाहीत.

आमची शेती फुलंब्रीच्या रस्त्याला आणि घर शहरात. परवान्याच्या अर्जात त्यांनी रानडुकरं आणि शेतवस्तीवरच्या चोरट्यांची भीती लिहिली. ज्वारीचं काय लिहिणार? चार वर्षं कचेरीचे उंबरे झिजवल्यावर परवाना हातात पडला तेव्हा मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. एनसीसीत माझा नेम बरा होता. धाकटा भाऊ फटाक्यालासुद्धा घाबरायचा. म्हणून बंदूक बघायला अण्णांनी मला सोबत नेलं आणि त्याचा मला इतका माज चढला की मैत्रिणींना आठ दिवस दुसरं काही ऐकवलं नाही.

दुकान सिटी चौकाच्या मागं होतं. दुकानदार म्हातारा, अंगावर स्वच्छ शेरवानी, बोलणं सावकाश. आम्ही तिथं तीन फेऱ्या मारल्या. एका नळीची घ्यावी की दोन नळ्यांची, यात पहिली फेरी गेली. दुसऱ्या फेरीत अण्णांनी एकेक बंदूक उघडून, दारातल्या उजेडाकडं नळी धरून आतून पाहिली. कुठं गंज, कुठं खड्डा, कुठं ओरखडा. दुकानदारानं बंदुकीचा दस्ता माझ्या कोपरात टेकवला आणि माझं बोट घोड्यापर्यंत नीट पोचतंय का ते बघितलं. शेवटी बारा बोअरची दोन नळ्यांची ठरली. मग नळी पुसायचा गज, तेलाची बाटली, कातडी कव्हर, काडतुसांचा पट्टा हे सगळं आलं.

"बिटिया भी चलाएंगी क्या?" दुकानदारानं विचारलं.

"चालवंल की! का नाय?" अण्णा म्हणाले. तेव्हा त्यांची छाती कशी फुगली होती ते मला आजही दिसतं.

मग म्हाताऱ्यानं कपाटातून दोन वस्तू काढून काऊंटरवर ठेवल्या. एक रबराची गादी होती, दस्त्याच्या मागं बसवायची, धक्का खांद्याला लागू नये म्हणून. दुसरं कानांवर चढवायचं लाल झाकण होतं. "गादी के बगैर चल जाता," तो म्हणाला, "लेकिन कानां एक दफा गए तो वापस नै आते."

मी ते झाकण कानांवर चढवलं, भिंतीवरच्या आरशात पाहिलं आणि मला हसू फुटलं. अण्णा काहीतरी बोलत होते, त्यांचे नुसते ओठ हलत होते. मी ते काढून ठेवलं आणि म्हणाले, "नको बाई, बहिरं झाल्यासारखं वाटतं." अण्णाही हसले. गादी मात्र त्यांनी ताबडतोब घेतली. का, तर आईनं घरून निघतानाच बजावलं होतं, "पोरीच्या खांद्याला काळंनिळं व्हायला नको. उद्या लोक बघायला येतील, पदराआडून डाग दिसंल." खांदा लोकांना दिसतो. कान आतून कसा आहे हे बघायला कोण येतंय?

एवढ्या पारखून घेतलेल्या सामानात आम्ही नेमकी तीच एक वस्तू काऊंटरवर सोडून आलो. म्हातारा आम्हाला पायऱ्यांपर्यंत सोडायला आला होता. त्याचा शब्द मोडला याचं त्याला वाईट वाटलेलं मला दिसलं, पण मी सतरा वर्षांची होते आणि हातात बंदूक होती.

दोन वर्षं दर रविवारी शेतावर माझे बार चालले. बांधावर डबे मांडायचे, अण्णा खुर्ची टाकून बसायचे. खंडेनवमीला बंदुकीला हळदकुंकू वाहून पूजा झाली की पहिला बार माझा. खांद्याला कधी डाग म्हणून पडला नाही. गादी फार चांगली निघाली.

कानात आधी शिटी वाजायची आणि संध्याकाळपर्यंत बसायची. "बसंल," अण्णा म्हणायचे, आणि बसायचीही. नंतर ती सोमवारपर्यंत राहू लागली, मग कायमची मुक्कामाला आली. वर्गात सरांचा आवाज यायचा पण शब्द यायचे नाहीत. आई मला दवाखान्यात घेऊन गेली. कानाच्या डॉक्टरांनी तपासून मोठ्यानं विचारलं, "घरात कुणी बार उडवतं का?" मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "नाय हो, आमच्यात कुठलं?" परत येताना रिक्षात तिनं माझ्या कानाशी तोंड आणलं. "ताप आल्ता, तापात गेलं म्हणायचं. बंदुकीचं नाव काढलंस तर तुझं लग्नही जायचं अन् ह्यांचा जीवही."

म्हणून तापात गेलं. शेजारी, पाहुणे, भाऊ, पुढं आलेली भावजय, सगळ्यांना तापच ठाऊक. अण्णांनाही तेच सांगितलं. मी बार बंद केले, अभ्यासाचं निमित्त केलं. लग्न तसंही जमलं नाही. स्थळाकडची माणसं प्रश्न विचारायची आणि मी हसून भलतंच उत्तर द्यायचे. पुढं एका शाळेत ग्रंथपाल झाले. 'शांतता राखा' ही पाटी माझ्याइतकी मनापासून जगात कुणी पाळली नसेल. यंत्र लावून पाहिलं, त्यात भांड्यांचा खणखणाट तेवढा वाढला. माणसाचं बोलणं काही परत आलं नाही.

बंदूक बरीच वर्षं कपाटात पडून होती. निवडणूक आली की पोलिस ठाण्यात जमा करायची, संपली की आणायची. आई गेली, अण्णा म्हातारे झाले, हृदयाचं दुखणं निघालं, आवाज अगदी खोल गेला. एका दुपारी मी त्यांच्या उशाशी बसले होते. ते काहीतरी बोलले. मला कळलं नाही. त्यांनी पुन्हा सांगितलं, पुन्हा कळलं नाही. मग त्यांनी कॅलेंडरचं जुनं पान खुणेनं मागून घेतलं आणि पाठीमागं लिहिलं, "तुझे कान बंदुकीनं गेले का?"

पंचवीस वर्षं मी या प्रश्नाची वाट बघत होते. किती वेळा मनातल्या मनात भांडले होते त्यांच्याशी! तुम्ही नळी आतून बघितलीत, दस्ता मापून घेतलात, पोरीचे कान तेवढे बघायचे राहिले, हे सगळं मला पाठ होतं. पेन माझ्या हातात होतं. मी त्यांच्याकडं पाहिलं. ते आठ वर्षांच्या मुलासारखे माझ्याकडं बघत होते.

मी लिहिलं, "नाही. तापात गेले."

ते पान त्यांनी दोनदा वाचलं, घडी घालून सदऱ्याच्या खिशात ठेवलं आणि कितीतरी दिवसांनी गाढ झोपले. खोटं बोलल्याचं मला काही वाटलं नाही. उलट बरं वाटलं, आणि त्या बरं वाटण्याची मला आज चीड येते.

त्यानंतर दोनच आठवड्यांनी खंडेनवमी आली. अण्णांच्या हट्टामुळं सगळे शेतावर गेलो. पूजा झाली, आणि भावानं बंदूक उचलून आपल्या मुलीच्या हातात दिली. भाची तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला, एनसीसीत जाणारी. भावजयीनं मला हातवाऱ्यांनी सांगितलं की अण्णांनीच सांगितलंय, आजपासून बंदूक नातीनं चालवायची. खुर्चीत शाल पांघरून बसलेल्या अण्णांचा चेहरा उजळला होता. मनातली शंका फिटली होती ना त्यांची. मीच फेडली होती.

मी धावत पूजेच्या ताटाशी गेले आणि कापूस उचलला. तो हातात घेऊन भाचीकडं निघाले. अण्णांनी मला पाहिलं. कापूस पाहिला. त्यांचा हात आपसूक सदऱ्याच्या खिशावर गेला आणि चेहरा उतरायला लागला.

मी तिथंच खाली बसले आणि त्या कापसाच्या वाती वळायला लागले.

बार झाला. तो मलासुद्धा ऐकू आला. डबा उडाला, अण्णांनी टाळ्या वाजवल्या, भाचीनं दुसरं काडतूस भरलं.

अण्णा त्यानंतर अडीच वर्षं होते. दर रविवारी खुर्ची शेतावर न्यायला लावायचे. मी कुणाला एक शब्द बोलले नाही. ते गेल्यावर बोलेन म्हटलं होतं. ते गेले तोवर भाची स्पर्धांना जायला लागली होती, भिंतीवर पदकं आली होती, आणि बोलले असते तर आधी मलाच विचारलं असतं, तू इतके दिवस काय करत होतीस?

भाची आता पुण्यात नोकरी करते. फोनवर मला ऐकू येत नाही म्हणून आम्ही एकमेकींना मेसेज करतो. गेल्या आठवड्यात तिचा मेसेज आला, "आत्या, तुझे कान तापात गेले ना? पण मला तर कधी तसा ताप आलाच नाही गं."