धुरीचा वास

खोपोलीच्या अलीकडे माझी छोटी हॅचरी आहे. कोंबडीची अंडी मशीनमध्ये उबवायची आणि पिल्लं विकायची. हा धंदा मी एकट्याने उभा केला. लोक पिल्लं माझ्याकडूनच नेतात, पण बोलताना नाकाला रुमाल लावतात. तो राग माझ्या मनात कायम असतो.

म्हणून त्या सकाळी वंध्यत्व उपचार केंद्राच्या आतल्या दाराशी लॅबच्या मॅडमनी मला अडवलं, तेव्हा माझं डोकं फिरलं. लॅबमध्ये वाढवलेला आमचा गर्भ त्या दिवशी बायकोच्या पोटात सोडायचा होता. नवऱ्याला शेजारी बसून पडद्यावर तो बघता येतो, असं आधी सांगितलं होतं.

"सर, तुमच्या अंगाला कसला वास येतोय?"

"कोंबड्यांचा. दुसरा कसला येणार?"

"नाही, हा औषधाचा आहे."

फॉर्मलीनचा होता. मशीनमधले जंतू मारायला आम्ही त्याची धुरी देतो. गड्यावर विश्वास नव्हता म्हणून पहाटे मीच देऊन आलो होतो. अत्तर, पावडर लावून येऊ नका, हे मला पाठ होतं. अबोलीला वास नसतो, तरी बायकोचा गजरा मी घरीच काढायला लावला होता. धुरीला मात्र मी वास मानतच नव्हतो. माझ्या लेखी ती स्वच्छता होती.

"आतली हवासुद्धा आम्ही गाळून घेतो," मॅडम म्हणाल्या. "गर्भाला हे सोसत नाही."

मी घासाघीस सुरू केली. शर्ट बदलतो. आंघोळ करून येतो. त्या म्हणाल्या, केसांतही धूर बसतो आणि तेवढा वेळ नाही. बरं, दारातूनच बघतो. तेही नाही. मग माझा आवाज चढला.

"पिल्लं काढण्यात जन्म गेला माझा. मशीनचं मला शिकवू नका. आमच्यासारख्यांची घाण वाटते तुमाला, सरळ सांगा ना."

हिरवा गाऊन घातलेली बायको आतून दाराशी आली.

"अवो, मशीनचं दार जरा उघडं राहिलं तर गड्याच्या आईबापापर्यंत जाता तुमी," ती हळूच म्हणाली, पण बाकावरच्या सगळ्यांना ऐकू गेलं. "बाहेर थांबा. मी जाते एकटी."

मी रस्त्याच्या कडेला जाऊन शर्टाची बाही हुंगली. मला काहीच वास येत नव्हता.

घरी शेजारच्या बायका जमल्या होत्या. आईने विचारलं, "बघितलंस का रं? कसं हाय?"

"बघितलं ना," मी म्हणालो. "मधे लाल ठिपका, भोवती बारीक शिरा."

दिव्यासमोर धरलेल्या कोंबडीच्या अंड्यात जे दिसतं, तेच मी सांगत होतो.

"शिरा पन दिसल्या गं?" आईने बायकोला विचारलं.

"त्यांनाच विचारा," बायको म्हणाली. "त्यांची नजर तयार हाय त्यात."

मॅडमनी मला सगळ्यांसमोर अडवायला नको होतं, असं मी अजूनही म्हणतो. पण पडद्यावर खरं काय दिसलं, हे बायकोला विचारायचं तोंड मला राहिलेलं नाही.