वैष्णवीच्या नावावरचा मोबाइल

“एका दिवसात सतरा खेपा? हे पोरगी शिकाले येते का मोबाइल पाहाले?”

हे मी स्टाफरूमच्या दाराशी ऐकलं. मुख्याध्यापक सर मी पाठवलेला रिपोर्ट वाचत होते. मी बाहेरच थांबले.

आमची कंपनी शाळांना एक अ‍ॅप पुरवते. ते टाकलं की साडेदहा ते पाच मोबाइलला कुलूप लागतं. कॉल फक्त शाळेचा येतो. कुणी मोबाइल उघडायला गेलं की वेळेसकट नोंद होते. या नोंदींना आम्ही लॉग म्हणतो. अनसिंगजवळच्या या शाळेत शनिवारी पालकसभा होती. फॉर्मवर मुलाचं नाव लिहून पालकांनी आणलेल्या मोबाइलमध्ये मी अ‍ॅप टाकून दिलं. सोमवार पहिला दिवस. मंगळवारी सकाळी लॉगमध्ये सगळ्यात वर नाव होतं नववीतल्या वैष्णवीचं.

“उद्या वाशीमले विज्ञान प्रदर्शनात हिले न्यायचं होतं,” सर म्हणाले. “नाव खोडतो. दुसरं कोनी पाठवू.”

पाच-सहा वेळा कुलूप दिसलं की मुलं नाद सोडतात. ही का सोडत नव्हती? वाय-फाय तपासायचं निमित्त करून मी नववीच्या वर्गात मागच्या बाकावर लॅपटॉप उघडून बसले.

वैष्णवीच्या एका हातात कर्कटक होतं, दुसऱ्याने वही दाबून धरली होती. अकरा बेचाळीसला नोंद आली. तिचाच मोबाइल. दोन मिनिटांनी आणखी एक. तिचे दोन्ही हात मला दिसत होते.

ऑफिसात जाऊन मी शाळेच्या फोनवरून तो नंबर लावला.

“कोन?” पुरुषाचा आवाज. मागे बाजाराचा गलका.

“शाळेतून बोलतेय. वैष्णवीचा मोबाइल...”

“हा माहा मोबाइल हाये. मी तिचा बाप. वाशीमले भाजी घेऊन बसलो. कालपासून नुसतं कुलूप दाखवून राह्यला हा. शनवारी तुमीच त टाकलं ना काही?”

“तुम्हाला त्यात काय उघडायचंय?”

“मोटर लावाची हाये. स्टार्टरले इथून फोन केला का तिकडं वावरात हिरीवरची मोटर चालू होते. लाइन दुपारपर्यंतच राह्यते, मॅडम. काल मेथीले पानी नाही भेटलं. आज तरी भेटू द्या.”

“मग वैष्णवीकडे कोणता मोबाइल आहे?”

तो हसला. “घरात एकच हाये. तो मी घेऊन फिरतो. तिले कुठला आणू?”

माझी शाळा अकोल्यातली, इंग्रजी माध्यमाची. तिथे नववीत प्रत्येकाचा स्वतःचा मोबाइल होता.

मी व्हरांड्यात येऊन बॉसना फोनवर सगळं सांगितलं. ते म्हणाले, “पाचला कुलूप आपोआप निघेल. उद्या तो नंबर काढून टाकू. सरांना सर्व्हरचा प्रॉब्लेम सांग. आपली चूक कशाला कबूल करतेस?”

पाचला शेतात वीज नसणार, हे मी बोलले नाही. “ओके सर,” म्हणाले.

फोन ठेवून ऑफिसात परत आले तर सरांच्या टेबलासमोर वैष्णवी उभी होती.

“सर, माह्याजवळ मोबाइलच नाही.”

“मंग सतरा खेपा कोनं उघडला? भुतानं?”

क्लार्क हसला. वैष्णवी फरशीकडे बघत राहिली. सरांनी प्रदर्शनाची यादी ओढली, पेनाचं टोपण काढलं.

आता आमच्या फॉर्मवर पहिला प्रश्न असतो, ‘हा मोबाइल दिवसभर कुणाकडे असतो?’ मेथीला त्याच दुपारी पाणी मिळालं आणि वैष्णवी दुसऱ्या दिवशी प्रदर्शनाला गेली. पण त्याआधी मला त्या टेबलापर्यंत जावं लागलं.

“सर, नाव खोडू नका. ती खरं बोलतेय. मोबाइल तिच्या वडिलांचा आहे, वाशीमच्या बाजारात आहे. फॉर्मवर ‘विद्यार्थ्याचा मोबाइल’ असं मी लिहिलं होतं आणि शनिवारी एकाही पालकाला विचारलं नाही, की हा नक्की कुणाचा. चूक माझी आहे. मी आत्ता सगळ्यांची कुलपं काढते.”