बांधाकडची माती

विश्रामबागेत आमच्या शेजारी एक मृदाशास्त्रज्ञ राहतात. चहाला आले की आधी माझ्या कुंडीतली माती चिमटीत चोळून बघतात, मग बसतात. क्षारपड जमिनीवरच्या त्यांच्या एका निबंधाचा आधार आणखी कोणी घेतला, हे दर रविवारी माझ्या कॉम्प्युटरवर पाहतात.

परवा ज्याच्या उसाच्या शेतावर तो निबंध उभा आहे, तो इस्लामपूरचा शेतकरी भेटायला आला. बोलता बोलता म्हणाला, “सायेब, तवा तुमाला दिलेली माती बांधाकडची हुती. आत लय चिखल हुता.”

शास्त्रज्ञांनी मला कॉम्प्युटरवरची नावं वाचायला बसवलं. मग ते निबंधाचा आधार घेतलेल्या एकेकाला चूक कळवायला लागले.

मी म्हणालो, “न कळवलं तर कोणाला समजणार आहे?”

“उसाला,” ते म्हणाले. “पुढचं नाव सांग.”