गुरुवारची सुट्टी आणि रविवारचा बॅकअप

बाळांनो, परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही विचारलंत, "आजी, तू कंपनीत नक्की काय करायचीस?" तुमच्या बाबांनी मध्येच "कॉम्प्युटर सांभाळायची" असं सांगून विषय संपवला. मला ते उत्तर पुरेसं वाटलं नाही. चाकणच्या कारखान्यातली आमची सर्व्हरची खोली या महिन्यात रिकामी झाली. यंत्रं गेली, डेटा कुठल्या तरी दूरच्या भाड्याच्या जागी गेला, आणि त्या खोलीत एका शुक्रवारी काय घडलं ते ठाऊक असलेली माणसंही पांगली. म्हणून आताच लिहिते.

आमचा कारखाना गाड्यांच्या ब्रेकचे सुटे भाग बनवायचा. खोक्यावर फक्त एक क्रमांक असे. आतले भाग भट्टीच्या कोणत्या बॅचमधून निघाले, तपासणीत काय आढळलं, हे सगळं त्या क्रमांकावरून डेटाबेसमध्येच कळायचं. दुसरीकडे कुठेही नाही.

आमच्या पट्ट्यात कारखान्यांची सुट्टी गुरुवारी. रविवारी सगळं जोरात चालू. वीजवालेही दुरुस्तीची कामं गुरुवारीच काढतात. त्या गुरुवारी वीज गेली ती लवकर आलीच नाही. बॅटऱ्या संपल्या आणि सर्व्हर चालता चालता बंद पडला. शुक्रवारी सकाळी मी ताथवड्याहून कंपनीच्या बसने पोचले, तर लातूरकडची माझी सहकारी दारातच उभी.

"मॅडम, डेटाबेस उघडंनाच झालाय."

"बॅकअपवरून परत उभा करू," मी म्हणाले आणि पर्स खुर्चीला अडकवली. तेवढ्यात क्वालिटीचे प्रमुख जिन्यावरून जवळजवळ धावतच खाली आले. भट्टीच्या एका बॅचमध्ये तडे सापडले होते. त्यातले काही भाग गिऱ्हाईक कंपनीत पोचून गाड्यांना बसलेसुद्धा होते. गाड्या त्यांच्या आवारात ट्रेलरची वाट पाहत उभ्या होत्या.

"संध्याकाळपर्यंत थांबतो म्हणालेत. तोवर खोक्यांचे क्रमांक दिले नाहीत, तर गाड्या निघाल्या देशभर." मग आवाज खाली आणून म्हणाले, "मॅडम, ब्रेक आहे. सायकलची घंटी नाही."

आम्ही गेल्या रविवारचा पूर्ण बॅकअप काढला. अर्धवट. त्याच्या आधीच्या रविवारचा काढला. तोही अर्धवट. रविवारी नक्की काय होतं, ते विचारायला डिस्पॅचच्या फोरमनला बोलावलं. गडी जवळच्याच गावचा, बोलायला मोकळा.

"रविवारी कॉम्प्युटर लई रेंगाळतं, म्याडम. ट्रक गेटवर उभं, स्टिकर निघंना. मंग आमी बॅकअपची ती बाहेरची डिस्क उपसून ठेवायचो. काम उरकल्यावर परत लावायचो की! तशीच ठेवायचो न्हाई."

पूर्वी हा बॅकअप गुरुवारी, कारखाना शांत असताना निघायचा. नवं सॉफ्टवेअर बसवणारे बंगळूरचे. सुट्टी म्हणजे रविवार, हे त्यांनी कुणाला न विचारता धरून टाकलं. बॅकअप अर्धवट राहिल्याची सूचना त्यांच्याच ऑफिसात जायची, आणि तिथे रविवारी ती बघायला कोणी नसायचं.

"रागवा की," फोरमन म्हणाला.

"वेळ नाही."

शेवटचा धड पूर्ण बॅकअप सापडला तो सॉफ्टवेअर बदलायच्या आधीच्या गुरुवारचा, म्हणजे खूपच जुना. त्यावर तेव्हापासूनच्या रोजच्या बदलांच्या फाइली एकामागून एक चढवायच्या होत्या. क्रम चुकवून चालत नाही. मधली एक जरी खराब निघाली, तरी तिच्या पुढच्या सगळ्या निरुपयोगी. जुन्या फाइली पुसायला मी परवानगी देत नसे. "मॅडम रद्दीवाल्यालाही रद्दी देत नसतील," असं ऑफिसात म्हणायचे. त्या दिवशी मात्र कोणी ते म्हटलं नाही.

काम सुरू झालं. असं काम चालू असताना माणसाला करण्यासारखं काही नसतं. पडद्यावर पट्टी सरकते, तिच्याकडे बघत बसायचं. घाई केली तर पुन्हा पहिल्यापासून. क्वालिटीचे प्रमुख दारात येत, माझ्या तोंडाकडे बघत आणि परत जात. जेवणाचे डबे तसेच राहिले.

दुपारी पट्टी थांबली. एका रविवारची फाइल तुटलेली होती. एरवी रोजची फाइल डिस्क उपसायच्या आत उतरून झालेली असे; त्या रविवारी डिस्क उपसली तेव्हा ती निम्मीच उतरली होती, आणि तडे गेलेली बॅच त्या रविवारनंतरची.

रोजच्या फाइलींची दुसरी प्रत भोसरीच्या जुन्या कारखान्यात ठेवायची आमची पद्धत होती. ती या डिस्कवरून नव्हे, थेट सर्व्हरवरून, इंटरनेटच्या लाइनने आपोआप तिकडे जायची. पण लाइन सकाळपासून मेलेली. मी ड्रायव्हरला बोलवा म्हणाले, तर फोरमनने हेल्मेट आधीच उचललेलं.

"तुमची गाडी मोशीच्या गर्दीतच अडकंल. आमी जातो."

"डिस्क आदळू देऊ नका."

"लेकरावानी आणतो."

तो गेल्यावर सहकारीने मला विचारलं, "तिथलीबी तुटलेली निघाली तर?" मी तिला पुढच्या फाइली क्रमाने लावून ठेवायला सांगितलं.

तो परत आला तेव्हा डिस्क टॉवेलात गुंडाळून शर्टाच्या आत ठेवलेली होती, आणि माणूस घामाने निथळत होता. आम्ही ती रविवारची फाइल लावली. पट्टी जिथे थांबली होती तिथे क्षणभर अडली, आणि पुढे गेली. सहकारी तोंडावर हात धरून रडली. मी तिला ओरडले, कारण पुढच्या फाइली अजून बाकी होत्या.

डेटाबेस उघडला तेव्हा ऊन कललं होतं. बॅच सापडली, खोकी सापडली. क्वालिटीचे प्रमुख फोनवर क्रमांक वाचत होते आणि पलीकडून एकेक परत म्हणून घेत होते. तिकडे ट्रेलर भरायला सुरुवात झाली होती. चढवलेल्या गाड्यांतल्या काही पुन्हा उतरवल्या गेल्या. त्यांचे ब्रेक काढून पाहिले, तर भाग त्याच बॅचचे होते.

पुढच्या आठवड्यापासून पूर्ण बॅकअप पुन्हा गुरुवारी निघू लागला, आणि सूचना माझ्या फोनवर येऊ लागली.

त्या सुट्टीच्या आदल्या दिवशी, बुधवारी, दुसऱ्या पाळीत भरलेल्या नोंदी मात्र परत आल्या नाहीत. रोजची फाइल दुसऱ्या पाळीच्या आधी निघायची आणि पुढची निघायच्या आत वीज गेली, म्हणून त्यांची प्रत कुठेच उतरली नव्हती. त्या पाळीचा माल क्वालिटीने भंगारात काढला. बाकी कारखान्याच्या पहिल्या खोक्यापासूनच्या सगळ्या नोंदी आजही शाबूत आहेत, आणि त्या उघडतात.